आतलं चिवट, दुसरं साधं

थेंबताईंचं खरं नाव संस्थेच्या हजेरीच्या यंत्राला ठाऊक आहे. बाकीच्यांनी ते केव्हाच सोडून दिलंय. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा सकाळी "या, थेंबताई" म्हणतो आणि वर विचारतो, "काय, अजून तोच थेंब?"

"तोच."

"फुटला नाही अजून?"

"फुटू देत नाही मी."

हा संवाद रोज होतो आणि रोज दोघांनाही तो ताजा वाटतो.

थेंबताईंचं काम सांगायला सोपं, समजावायला अवघड. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचा एक थेंब सोडलेला आहे. भोवतीचा द्रव वाहायला लागला की थेंब ताणला जातो. किती ताणला जातो, कुठे कलतो, वाहणं थांबवलं की किती वेळात परत गोल होतो, हे सगळं भांड्याला हात न लावता संगणकावर घडवून बघायचं. पडद्यावर थेंबाच्या अंगावर बारीक त्रिकोणांची जाळी असते. वरचा द्रव उजवीकडे सरकतो, खालचा डावीकडे, दोन तळव्यांमध्ये मातीची गोळी वळावी तसं. गोल थेंब हळूहळू अंड्यासारखा होतो, मग लिंबासारखा, आणि मग जरा तिरका होऊन निमूट पडून राहतो.

द्रव साधे असतील तर गणितही निमूट असतं. थेंबताईंच्या वाट्याला मात्र चिवट द्रव आले. मध ओढला तर येतो, आणि सोडला की आधी कुठे होता ते विसरतो. चिवट द्रव विसरत नाही. ओढून सोडा, तो मागे जायला बघतो. शांपू, रंग, गोंद, छपाईची शाई, सगळी हीच जात.

ही जात थेंबताईंच्या लहानपणापासून ओळखीची. वडिलांचा छोटासा छापखाना होता. शाळेतून आल्या की त्या शाईच्या डब्यापाशी बसायच्या, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत इवलीशी शाई घ्यायच्या आणि चिमूट उघडायच्या. मध्ये काळी तार. तार बारीक व्हायची, तुटायची, आणि दोन्ही टोकं आपापल्या बोटाकडे पळत जायची.

"बाबा, ती परत का जाते?"

"कुठून आली ते तिला ठाऊक असतं," वडील म्हणायचे. "तुला नसतं. जा, हात धुऊन घरी पळ."

पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि या सगळ्यात चिमटीतली तार काही डोक्यातून गेली नाही. संस्थेत आल्यावर त्यांनी थेंबाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. लेक रांगत होती तेव्हा प्रोग्रॅमही रांगत होता. लेक भिंतीला धरून उभी राहिली तेव्हा प्रोग्रॅममधला थेंब पहिल्यांदा न फुटता ताणला गेला. "तुझं पहिलं अपत्य ते, मी दुसरं," असं लेक आजही म्हणते. ती बापाच्या वर उंच झाली आहे, तरी घरात तिचं नाव चिमणीच.

चिवट द्रव ओढल्याचं किती वेळ मनात धरून ठेवतो, त्या वेळेला पुस्तकात भारदस्त शब्द आहे. थेंबताईंनी प्रोग्रॅममध्ये त्याला नाव दिलं 'रुसवा'. साध्या द्रवाचा रुसवा शून्य, शांपूचा थोडका, काही गोंदांचा अख्खी दुपार जाईल एवढा. संस्थेतले सगळे आता हाच शब्द वापरतात, बाहेरच्या पाहुण्यांसमोरसुद्धा.

घरी हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "मग माझा रुसवा किती?"

"तुमचा शून्य. म्हणून तर संसार झाला."

"आणि आईचा?" चिमणीने विचारलं.

"तो मोजायचं यंत्र निघालं नाही अजून," नवरा म्हणाला. तो दातांच्या कवळ्या बनवतो आणि दिवसभर लोकांच्या जबड्यांशी बोलत असल्यासारखा गंभीर चेहऱ्याने विनोद करतो.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना भांडेकाकांचा प्रयोग आला.

भांडेकाका म्हणजे तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेचे मालकच, निदान त्यांच्या मते. तिथे एक काचेचं भांडं आहे. एका काचेच्या नळकांड्यात दुसरं नळकांडं, आणि दोघांमधल्या अरुंद फटीत द्रव. बाहेरचं नळकांडं फिरवलं की फटीतला द्रव वाहतो आणि त्यात सोडलेला थेंब ताणला जातो. समोर कॅमेरा. या भांड्याला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही. "आधी भांडं हलतं, मग भांडण होतं," असं ते बजावतात, आणि ते खरं आहे.

एका रंगाच्या कारखान्यासाठी हे काम होतं. काकांनी भांड्यात करून बघायचं, थेंबताईंनी पडद्यावर, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. कामाच्या सुरुवातीला दोघं जिन्यात भेटले होते. काकांच्या दोन्ही हातांत काचसामान, त्यामुळे बोलणं घाईचं.

"आतलं चिवट, दुसरं साधं तेल," काका म्हणाले. "दोन्ही सारखीच घट्ट. रुसवा मोजून कळवतो."

"चालेल," थेंबताई म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यांच्या हिशेबी यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण जुळेना. एके दिवशी काकांनी त्यांना खाली बोलावलं आणि चित्रण लावलं.

"बघा. फिरवायला सुरुवात केली. थेंब ताणला. अजून ताणला. आता नीट बघा हं, वेग तोच आहे, मी कशालाही हात लावलेला नाही."

पडद्यावरचा लांबलेला थेंब जरासा आखडला. मागे आला, आणि मग स्थिर झाला.

"आधी जास्त जातो, मग आवरतं घेतो," काका म्हणाले. "तुमचा काय करतो?"

"माझा जातो तेवढा जातो आणि थांबतो."

"फार शहाणा आहे तुमचा थेंब."

"आणि तुमचा?"

"माझा माणसांत आलेला आहे. आधी उत्साह, मग अक्कल."

थेंबताई हसल्या, पण वर जाऊन त्यांनी प्रोग्रॅमचा कानाकोपरा झाडून काढला. जाळी बारीक केली. हिशेबातली वेळेची पावलं लहान केली. जुनी उदाहरणं परत चालवली. ती बरोबर येत होती. हाच एक थेंब शहाण्यासारखा जायचा आणि थांबायचा.

"रुसवा वाढवा की जरा," काकांनी फोनवर सुचवलं.

"रुसवा तुम्हीच मोजून दिलात ना?"

"मीच दिला."

"मग मोजलाय तेवढाच राहणार. तुमच्या थेंबाची हौस म्हणून मी त्याला जास्त रुसायला लावू?"

"मी आपलं म्हटलं."

आता खरं सांगायचं तर एका दुपारी, खोलीत कुणी नसताना, थेंबताईंनी रुसवा दुप्पट करून बघितला होता. थेंब ढिम्म. जातो तेवढा गेला आणि थांबला. लाज वाटली ती वाटलीच, वर उपयोगही शून्य. त्यांनी आकडा होता तसा करून ठेवला आणि खिडकी उघडली, जणू खोलीत काही जळल्याचा वास राहिला होता.

मग मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम विभागाच्या प्रमुख, वयाने थेंबताईंपेक्षा लहान आणि बोलायला सरळ. वाईट बातमी द्यायची असली की त्या आधी खुर्ची पुढे ओढतात. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"ताई, पुढच्या आठवड्यात रंगवाले येतायत. त्यांना भांड्यातलं आणि पडद्यावरचं एकच दिसायला हवं. बाहेरचं तयार पॅकेज घ्यायचं का, ते मी शुक्रवारी ठरवते. वाईट वाटून घेऊ नका."

"आणि माझा प्रोग्रॅम?"

"तो कुठे जातोय? संग्रही राहील."

संग्रही. थेंबताई जिना चढताना हाच शब्द तोंडात घोळवत होत्या. जुनी नाणी संग्रही असतात. पेंढा भरलेली जनावरं संग्रही असतात. रोज सकाळी ज्याला हाक मारून उठवायचं, ज्याच्या खोड्या आपल्याला पाठ, त्याला काचेमागे ठेवायचं आणि आपण दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची बटणं दाबायची. त्यांना रडू आलं नाही. त्यांना भूक लागली, जी त्यांना वाईट वाटलं की नेहमी लागते. त्यांनी डब्यात उरलेलं सगळं खाल्लं.

गुरुवारी संध्याकाळी त्या घरी आल्या तर दाराला कुलूप. स्वतःची किल्ली सकाळी त्यांनी चिमणीला दिली होती, कारण चिमणीची हरवली होती. फोनवर नवऱ्याचा निरोप: 'किल्ली आत ठेवलीय.'

त्यांच्या घराला दोन दारं आहेत. जिन्याकडून आलं की आधी जाळीचं दार, ज्याला नुसती कडी. मग हातभर जागा, तिथे चपलांचं बुटकं कपाट. मग घराचं खरं दार. थेंबताई जाळी उघडून खऱ्या दारापाशी उभ्या होत्या आणि तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"आत ठेवली," त्या दाराला म्हणाल्या. "किल्ली आत ठेवली आणि दार ओढून घेतलं. वा रे वा."

नवऱ्याला फोन लावला. त्याच्या घासायच्या यंत्राच्या आवाजात त्याला फोन कधी ऐकू येतो? शेजारी कुणी नव्हतं. शेवटी त्या चपलांच्या कपाटावर बसल्या आणि संग्रही राहिलेल्या वस्तूसारख्या समोर बघत राहिल्या.

काही वेळाने चिमणी दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

"अशी का बसलीयस?"

"तुझ्या बाबांनी किल्ली घरात ठेवलीय. तुझ्याकडची काढ."

"ती मी कॉलेजात विसरले," चिमणी शांतपणे म्हणाली. "पण त्याने मलाही निरोप पाठवलाय. ऊठ जरा."

"कशाला?"

"ऊठ तर."

थेंबताई उठल्या. चिमणीने कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून किल्ली काढली आणि आईसमोर धरली.

"किल्लीवरच बसली होतीस."

"त्यांनी आत म्हटलंय."

"मग आतच आहे की. जाळीच्या आत."

"आत म्हणजे घरात, चिमणे. मी इथे उभी आहे. इथून आत म्हणजे घर."

"बाबा जिन्यात उभा राहून लिहीत असणार. जिन्यातून आत म्हणजे हे," चिमणीने पायाने फरशीवर थाप दिली. "तू आतच होतीस, आई. आत बसून आत शोधत होतीस."

ती दार उघडायला लागली. थेंबताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"परत म्हण."

"काय परत म्हण?"

"आत्ता म्हणालीस ते."

"तू आतच होतीस. काय झालं? बरं वाटत नाही का?"

थेंबताई भांडेकाकांना फोन लावत होत्या.  काका फोनवर आले तेव्हा मागून कात्रीचा आवाज येत होता.

"बोला ताई, केस कापायला बसलोय. अर्धं डोकं झालंय."

"एकच विचारते. त्या दिवशी जिन्यात तुम्ही म्हणालात, आतलं चिवट. कशाच्या आतलं?"

"कशाच्या म्हणजे? भांड्याच्या."

"थेंबाच्या नाही?"

"थेंबाच्या आत कशाला जाईन मी? मी भांड्यासमोर उभा असतो. भांड्याच्या फटीत जे आधी भरतो ते आतलं. ते चिवट. दुसरं साधं तेल, ते मग सुईने सोडतो. त्याचा थेंब."

थेंबताईंनी डोळे मिटून घेतले. "काका, मी इतकी वर्षं थेंबातच राहते. मला आतलं म्हणजे थेंबातलं. मी चिवट थेंब केला आणि तो साध्या तेलात सोडला."

पलीकडे कात्री थांबली.

"म्हणजे उलटं," काका म्हणाले.

"पार उलटं."

"तरी मी म्हणतोय, चित्रणात तुम्हाला हे दिसलं कसं नाही. दिसणार कसं? दोन्ही पाण्यासारखी नितळ." मग जरा वेळाने, पडेल आवाजात, "मी नीट सांगायला हवं होतं."

"मी नीट विचारायला हवं होतं. मला वाटलं, यात काय विचारायचं."

"काका, मान हलवू नका," असा तिसराच आवाज आला, आणि फोन बंद झाला.

चहाच्या आधी थेंबताईंनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, संस्थेच्या संगणकाला जोडून घेतला आणि प्रोग्रॅममधले दोन द्रव एकमेकांच्या जागी ठेवले. रुसव्याचा आकडा तोच, काकांनी मोजलेला. काम एवढंसंच होतं. मग संगणकाने रात्रभर राबायचं आणि त्यांनी झोपायचं.

नवरा आला तो दारातूनच, "मिळाली ना किल्ली?"

"मिळाली. तुमचं 'आत' चुकीचं आहे."

"माझं आत चुकीचं?" त्याने बूट काढत चिमणीकडे बघितलं. "आता मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तिच्या थेंबाला वाचवलंस बहुतेक," चिमणी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "मग जेवायला काय आहे?"

शुक्रवारी पहारेकऱ्याने "अजून तोच थेंब?" विचारलं तेव्हा थेंबताई फक्त "बघू" म्हणाल्या आणि तो चक्रावून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. वर आल्यावर त्यांनी पर्स खांद्यावरून न काढताच चित्र सुरू केलं.

गोल थेंब. वरचा द्रव उजवीकडे, खालचा डावीकडे. अंडं. लिंबू. थेंब लांबत गेला, नेहमी थांबायचा तिथून पुढे गेला. थेंबताई श्वास धरून बघत होत्या. भोवतीच्या चिवट द्रवाला ताण चढायला वेळ लागत होता आणि तोवर थेंब मोकाट सुटला होता. मग द्रवाला ताण चढला. थेंब आखडला. मागे आला, अगदी जरासा, आणि तिरका होऊन स्थिर झाला.

"आला माणसांत," थेंबताई म्हणाल्या. मग त्यांनी पर्स काढून ठेवली.

मॅडमच्या खोलीत काका एका बाजूने आखूड, दुसऱ्या बाजूने त्याहून आखूड अशा केसांनी बसले होते. दोन्ही आलेख शेजारी शेजारी होते. मॅडमनी ते बघितले, मग दोघांकडे बघितलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं दोन वेगळ्या थेंबांवरून भांडत होतात?"

"थेंब एकच," काका म्हणाले. "आत वेगळं."

"चूक माझी," थेंबताई म्हणाल्या.

"अर्धी माझी," काका म्हणाले. "माझी अर्धी मी कुणाला देणार नाही."

मॅडमनी आलेखाच्या टोकावर बोट ठेवलं. "आणि हे काय? फिरवणं थांबवल्यावर काकांचा थेंब गोल व्हायला फार वेळ लावतोय. तुमचा आधीच गोल होऊन बसलाय."

"ते शेपूट जुळत नाहीये अजून," थेंबताई सरळ म्हणाल्या. झाकायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "काकांच्या द्रवाचा रुसवा बहुतेक एक नाही. एक पटकन जाणारा आणि एक रेंगाळणारा, असे दोन असावेत. काकांना परत मोजावं लागेल, मला प्रोग्रॅममध्ये जागा करावी लागेल. पुढच्या आठवड्यात होणार नाही."

"रंगवाल्यांना काय सांगायचं?"

"हेच. इथपर्यंत जुळतं, इथून पुढे नाही, आणि का ते शोधतोय."

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. 

"पॅकेजवाल्यांना मी काय सांगणार होते, माहितीय? थेंब चिवट, तेल साधं. तुमच्याकडूनच ऐकलं होतं ना. त्यांनी मला अगदी सुरेख, गुळगुळीत, चुकीचं उत्तर दिलं असतं."

"आमचंही तेच होतं," थेंबताई म्हणाल्या.

"हो, पण त्या पॅकेजने भांडेकाकांना न्हाव्याच्या खुर्चीत फोन केला नसता. जा, कामाला लागा. प्रोग्रॅम आहे तिथेच राहू दे."

संग्रही हा शब्द कुणी पुन्हा काढला नाही.

दुपारी थेंबताईंनी एक काम केलं. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे 'आत' आणि 'बाहेर' लिहिलं होतं ते सगळं शोधून काढलं आणि तिथे लिहिलं, 'थेंबात' आणि 'थेंबाभोवती'. बऱ्याच जागा होत्या. काही ठिकाणी लेक रांगत होती तेव्हाचं 'आत' होतं. प्रत्येक बदलताना त्यांना बारीक हसू येत होतं. तळमजल्यावर काकांनीही भांड्यावर दोन पट्ट्या चिकटवल्या, एकीवर 'फटीतलं', दुसरीवर 'सुईतलं'. आणि मग, पट्टी चिकटवताना भांडं हललं म्हणून, सवयीने स्वतःवरच ओरडले.

संध्याकाळी थेंबताई लवकर घरी आल्या. या वेळी नवऱ्याचा निरोप चांगला लांबलचक होता: 'किल्ली जाळीच्या आत पण दाराच्या बाहेर, चपलांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, माझ्या जुन्या बुटात, डाव्या. बुटाच्या आत.'

डाव्या बुटाच्या आत किल्ली होती. त्यांनी दार उघडलं, चहा ठेवला, खिडकीशी बसल्या. मग सांडशीतून भांडं सुटावं तसा अचानक फोन वाजला.

"पोचलीस का?" नवऱ्याने विचारलं. मागे घासायचं यंत्र गुरगुरत होतं.

"पोचले."

"कुठे आहेस?"

"आत."

"कशाच्या?"

थेंबताई इतक्या हसल्या की चहा उतू गेला तो त्यांना कळलाच नाही.